पाईपची वरची बाजू

एकलहरे, ९ फेब्रुवारी १९९९

तीर्थरूप हिरामणमामांस भिकाचा साष्टांग नमस्कार. (तो पालथं पडून घालतात हे मला माहीत आहे, पण दिंडोरीच्या दुकानात पंधरा वर्षं भरल्या ट्रॉल्यांखाली उताणं पडून वेल्डिंग केलं, आता ती सवय मोडत नाही.) मामीचा गुडघा कसा आहे? द्राक्षांत साखर भरली का?

तुम्ही म्हणालात म्हणून इथल्या ठेकेदाराकडे वेल्डरच्या परीक्षेला बसलो. पास झालो तर बॉयलरच्या कामावर घेणार. इथे पाईप तिरपा, पक्का जखडलेला असतो. तो फिरवायचा नाही, आपणच त्याच्याभोवती फिरायचं. (नव्या जावयासारखे लाड!) सगळे खालच्या बाजूला घाबरतात, कारण तिथे वितळलेलं लोखंड अंगावर टपकतं. मी मात्र पाईप गुडघ्याएवढा खाली लावून घेतला आणि खुशाल आडवा झालो. परीक्षा घेणारे साहेब धावत आले, "चक्कर आली का हो? अरे, पाणी आणा!" पाणी पिऊन मी पुन्हा आडवा. खालचा सांधा असा उतरला की साहेबांनी तो बाकीच्या उमेदवारांना वाकवून वाकवून दाखवला.

मग वरची बाजू आली. ती शिकाऊ पोरंसुद्धा गप्पा मारत करतात. मी उभा राहिलो आणि हातच चालेना. एक्स-रे काढला, तर खालचा सांधा स्वच्छ आणि वरचा धिरड्यासारखा भोकाभोकांचा. मी म्हटलं, साहेब, पाईप तेवढा उलटा करून द्या, वरचंही खालून करतो. ते म्हणाले, "आणि बॉयलर कोण उलटा करून देणार, तुमचे मामा?" म्हणून म्हटलं, मामांनाच पत्र टाकावं. सोमवारी शेवटची संधी आहे.

तुमचा भाचा,
भिका

ता.क. रविवारी येतो. तुमची ट्रॉली रिकामी करून ठेवा. दांड्यावर वरून सराव करायचा आहे.

आणखी ता.क. तीच ट्रॉली का, असं विचाराल. गेल्या साली वणी रस्त्याला तिचा ट्रॅक्टरला जोडायचा दांडा सुटला, ट्रॉली उलटली आणि सगळी द्राक्षं रस्त्यावर आली. ड्रायव्हर काळूने जोरात हाणली म्हणून तुम्ही त्याला ट्रॅक्टरवरून उतरवलंत, आणि मी शेजारी उभा राहून मान डोलावली. दांडा मीच जोडला होता, मामा. खालचा सांधा अजून शाबूत आहे, सुटला तो वरचा. तेव्हा मी लोखंडाला नावं ठेवली. एक्स-रे पाहिल्यावर ती सोय राहिली नाही. फार लाज वाटते. रविवारी काळूलाही बोलवा, त्याच्यासमोर सांगतो.

शेवटचा ता.क. रागावून ट्रॉली दिली नाहीत तरी चालेल, पण काळूला ट्रॅक्टर द्याच. मी नापास झालो तर ट्रॉलीखाली माझी जागा आहेच.