पाणी लागलं

शहागंज, संभाजीनगर

प्रिय द्वारके,

गुडघ्याचं कारण मला सांगायचं नाय. त्याच गुडघ्यांनी तू परवा माळ्यावर चढून पितळेचे डबे उतरवलेस, तुझ्याच पुतणीनं, मोनिकानं सांगितलं मला. आणि यायचं नव्हतं तर स्वतःच्या तोंडानं बोलायचं. आम्ही पिशव्या घेऊन गाडीत बसलेलो आणि फोन कुणाचा, तर तुझ्या दिराचा. नानासाहेब म्हणाले, वहिनींचे गुडघे धरलेत, तुम्ही या जाऊन. मी तुझ्या जागेवर धपाट्यांचा डबा ठेवला आणि कोकणापर्यंत त्या डब्याशी भांडत गेले. खरं कारण मला ठाऊक आहे. काकासाहेब दाजींचं वर्षश्राद्ध होऊन गेलं, तरी तू उंबऱ्याबाहेर पाय टाकत नाहीस. नवरा गेला आणि बाई समुद्रावर मजा मारायला निघाली, असं सिल्लोडात कुणी म्हणेल म्हणून. म्हणू दे की. माझ्या मुनीबचे अब्बा गेले तेव्हा मलाही म्हणाले. इद्दतचे चार महिने दहा दिवस घरात काढले आणि ती संपली तशी मी मसाला कांडपाची मशीन सुरू केली, तिच्या आवाजात कुणाचं काही ऐकूच आलं नाय.

फोन करावा तर तुझी जाऊ उचलते आणि स्पीकरवर टाकते. म्हणून लिहायला बसले. मुनीब रविवारी वाळूजहून येईल आणि हे तुझ्याच हातात देईल. अक्षराला नावं ठेवू नको, चौथीत तुझं काय मोत्यासारखं नव्हतं.

तर ऐक, काय घालवलंस ते. तिथं गावाबाहेर समुद्रात घुसलेली एक टेकडी आहे. तिच्यावर पत्र्याचं छप्पर, खाली कट्टा, मधोमध दांड्यावर बसवलेली दुर्बीण. त्या कट्ट्यावर बसून समुद्राकडं बघत राहायचं, बाकी काम नाय. देवमासा दिसला की खाली होडीवाल्यांना फोन जातो. पहिला दिवस आमचा तिथंच गेला. मोठमोठी माणसं, पोरंबाळं, सगळी पाण्याकडं तोंड करून गप बसलेली. मला दम निघेना. मी मुनीबला म्हणलं, एवढ्या लांब आणून काय दाखवतोस, पाणी? पण म्हणता म्हणता माझीच नजर तिथनं हलेना. टँकरच्या रांगेत एका हंड्यावरून बायकांच्या झिंज्या धरलेली बाई मी. आणि इथं जिथवर डोळा जातो तिथवर पाणी, आणि कुणी रांगेत नाय.

दुसऱ्या दिवशी होडीत बसलो. ते नारंगी जाकीट घातलं आणि मला सदफ हसली, तिच्या सासूचं पार पोतं झालं म्हणून. मी होडीवाल्याला विचारलं, देवमासा म्हणता, पण कुणाच्या देवाचा, तुमच्या का आमच्या? तो म्हणाला, मावशी, अजून त्याला कुणी विचारायला गेलं नाही, तुम्ही विचारा. मग बरंच आत गेल्यावर त्याला फोन आला, आणि त्यानं इंजिन बंद केलं. नुसतं लाटांचं चापट मारणं राहिलं. सगळे डावीकडं बघत होते, आणि उजवीकडं, अगदी जवळ, भस्सकन आवाज झाला आणि पाण्यातून फवारा उठला. उंच, पांढरा, सरळ आभाळाकडं. द्वारके, मी होडीत ताडकन उभी राहिले आणि बोंबलले, “द्वारके, पाणी लागलं!”

सगळी होडी माझ्याकडं बघायला लागली. आता त्यांना काय सांगणार? तुमच्या वावरातला तो बोर आठवतो ना? आधीचे सगळे कोरडे गेलेले, दाजी बांधावर डोकं धरून बसलेले, मशीनवाला सामान आवरायच्या बेतात, आणि एकदम चिखलाचा फवारा आभाळात. तू अशीच ओरडली होतीस. मग आपण दोघी त्या गढूळ पाण्याखाली उभ्या राहून डोक्यापासून पायापर्यंत भिजलो, आणि दाजी म्हणाले, ह्या दोघींना आधी आवरा, मग पंपाचं बघू. मला फवारा म्हणलं की तेवढाच ठाऊक. तोंडातून दुसरं काय निघणार?

मग ती पाठ वर आली. काळी, ओली. मोंढ्यात मक्याच्या ढिगावर भिजलेली ताडपत्री ओढतात ना, तशी, पण ओढणारा थकावा एवढी लांब. येतेय, येतेय, संपतच नाय. होडी त्याच्यापुढं सुपाएवढी. त्यानं मनात आणलं असतं तर आमचा भुगा होता. पण त्याला आमचं काही पडलंच नव्हतं. लहानपणी अब्बा सांगायचे, युनूस पैगंबर माशाच्या पोटात राहिले, तिथून दुवा मागितली आणि बाहेर आले. मी म्हणायचे, असला कुठला मासा असतो? आपण बघितलेले बाजारातले, टोपलीत मावणारे. आता माझ्या अंगावर काटा आला तो अजून गेला नाय. तो खाली गेला तिथलं पाणी तेल सांडल्यासारखं गुळगुळीत झालं. होडीवाला म्हणाला, हा नुसता नावाला मासा, त्याला पाण्यात श्वास घेता येत नाही, कितीही खोल गेला तरी श्वासाला वर यावंच लागतं. तू म्हणशील, जहां आता मला मासा म्हणतेय. म्हणतेय.

आता खरं सांगते. तुझ्यावर दया येऊन हे लिहिलेलं नाय. तो वर आला तेव्हा मुनीब आणि सदफ मोबाईलमधून बघत होते, आणि मी बाजूला हात टाकला कुणाचा तरी दंड धरायला, तर तिथं दांडा होता होडीचा. एवढं मोठं मला एकटीला बघवलं नाय. मुनीब-सदफनी वाळूजला खोली घेतली, तेव्हापासून घरात मशीन बंद झाली की भिंत आणि मी. तुला सांगितलं नाय, कारण तू आधीच रडत होतीस. वरची खोली रिकामी आहे. खिडकी रस्त्यावर आहे, देव मांडायला कोनाडा आहे, चूल वेगळी मांडून देते. गिऱ्हाईक आमटीला लावायचा येसर मसाला मागतं, आणि तुझ्या हाताचा येसर मला अजून जमत नाय. ये राहायला. पाहुणी म्हणून नाय, कायमची. एक नोकरीवाला पोरगा त्या खोलीसाठी खेटे घालतोय, त्याला शुक्रवारच्या नमाजनंतर ये म्हणलंय. त्याला किल्ली द्यायची का नाय, ते मला शुक्रवारी दुपारच्या आत कळव.

तुझीच,
जहांआरा