एका हातात मावेल असं

दि. ११ फेब्रुवारी, रविवार

प्रिय ताई,

नमस्कार. इकडे सगळे बरे आहेत. तूही बरी असशील असं धरून चालतो, कारण तू फोन घेत नाहीस आणि भाची "हो मामा, ठीक आहे" याच्या पुढे सरकत नाही. माझ्या अक्षराला हसू नकोस. त्याला कारण आहे, ते शेवटी सांगेन.

आधी बातम्या. दुसऱ्या दुकानाचा रंग वाळला. खिडकी अगदी आपल्याला हवी होती तशी झाली आहे, रस्त्याने जाणाऱ्याला सहज कोपर टेकता येईल अशी. सकाळचं ऊन तिरपं आत येतं, रिकाम्या तव्यावर बसतं आणि दुपारपर्यंत हलत नाही. मी रोज जाऊन तिथे नुसता उभा राहतो. काल उभ्या उभ्या मला रांग दिसायला लागली, तव्यावरची वाफ दिसायला लागली, आणि रंगारी काय विचारत होता ते कानावरच आलं नाही. त्याने हिला विचारलं, साहेबांची तब्येत बरी आहे ना? ही म्हणाली, बरी आहे, जन्मापासून असेच आहेत. ढग्या हे नाव तू उगाच नाही ठेवलंस.

हे सगळं सुरू कसं झालं, आठवतं? तू बसस्थानकाच्या तिकीट खिडकीत बसायचीस. एक हात तिकिटांत, दुसरा डब्यात, आणि निम्मं जेवण मांडीवर. एकदा वैतागून म्हणालीस, "एका हातात मावेल, सांडणार नाही आणि गाडी सुटायच्या आत मिळेल, असं काहीतरी खायला हवं." त्या एका वाक्यावर मी अख्खा उन्हाळा गच्चीवर पडून काढला. ढगांकडे बघत मी दुकानं बांधायचो आणि तू वर येऊन म्हणायचीस, आधी पीठ तरी मळ. शेवटी मळलं. त्यातून आपली गुंडाळी झाली. पातळ रोटी, आत अंडं आणि बटाटा, वर कागद, आणि कागदाच्या दोन्ही टोकांना तू दिलेला पीळ. लोक चवीआधी तो पीळ ओळखायला लागले. दुकानाचं नावही आपण "एका हातात" असंच ठेवलं.

काम अजून तुझ्याच नियमाने चालतं. तवेवाल्याने पाठ फिरवायची नाही, भरणाऱ्याने जागा सोडायची नाही, आणि कागदाची घडी खिडकीतच घालायची. तुझ्या त्या जागी कुणाला कायमचं उभं केलेलं नाही, आळीपाळीने निभावतो. पीळ कुणालाच धड जमत नाही. तवेवाला रोज एकदा तरी म्हणतो, ताईंचं काम वेगळंच होतं. मी त्याला म्हणतो, होतं काय म्हणतोस, आहे म्हण.

इथवर आलोच आहे तर सांगून टाकतो. ताई, त्या दिवशी तू दुकानावर आलीस ते मी पाहिलं.

दवाखान्यातून घरी गेल्यावर तू पहिल्यांदाच एकटी बाहेर पडली होतीस, तेही भाचीला न सांगता. रांगेत उभी राहून तू गुंडाळी घेतलीस. खिडकीत त्या दिवशी नव्या बाईची पाळी होती, तिने तुला ओळखलं नाही. मी आत भरत होतो. हाक मारणार, तोच तू गुंडाळी छातीशी दाबून डाव्या हाताने पीळ सोडवायला लागलीस. उजवा हात नुसता बाजूला होता. कागद गोल गोल फिरत राहिला, सुटेना. मग तू कुणी बघतंय का ते पाहिलंस, गुंडाळी पिशवीत टाकलीस आणि चालायला लागलीस. मी पळत बाहेर आलो तेव्हा तुझी बस हलली होती. संध्याकाळी भाचीचा निरोप आला की आई म्हणते, दुकानाचं मला आता काही विचारू नका.

मला वाटलं, तू रागावलीस. त्या अर्धांगाच्या झटक्यानंतर आम्ही सगळे तुझ्यासमोर हात हा शब्दसुद्धा टाळतो, तसं मी हेही टाळत राहिलो. मग एका रिकाम्या दुपारी माझा उजवा हात एप्रनच्या नाडीत खोचला आणि गुंडाळी उघडायला घेतली. उघडेना. तवेवाल्याने करून पाहिलं, नव्या बाईने करून पाहिलं, कुणालाच उघडेना. कडेवर बाळ घेतलेली, आपल्या रोजच्या गिऱ्हाइकांतली एक बाई समोर उभी होती. तिला विचारलं, तुम्ही कशी उघडता?

ती म्हणाली, "दातांनी. सगळे तसंच करतात. का, दुसरी काही रीत आहे?"

घे आता. पाटीवर "एका हातात" आणि उघडायला दोन हात. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. इतकी वर्षं आपण गुंडाळ्या बांधल्या, उघडून कधी पाहिल्या नाहीत. ताई, चूक तुझ्या हाताची नव्हती, घडीची होती, आणि ती तुझ्या आजाराच्या कितीतरी आधीपासून होती. मला आधी हसू आलं आणि मग तुझी ती पिशवी आठवून रडू आलं.

तेव्हापासून तुला न विचारता एक उद्योग चालवलाय. वरचा पीळ मी काढला. नवी घडी मला पहाटेच्या स्वप्नात दिसली, शप्पथ. कागद आपला आपण उलगडत होता आणि त्यातून वाफ वर जात होती. जागा होऊन करायला गेलो तर काही जमेना, पण स्वप्नातली एक गोष्ट खरी निघाली. वरच्या टोकाला कागदाची छोटी जीभ बाहेर ठेवायची. गुंडाळी बोटांत धरून त्याच हाताच्या अंगठ्याने ती जीभ मागे ओढली की कागद सुटतो. खालचा पीळ तसाच आहे. तो तुझा, त्याला कुणी शिवलेलं नाही.

पत्रासोबत एक गुंडाळी पाठवतोय, आपल्या ओळखीच्या बसवाल्याकडून. पोचेपर्यंत गार होईल, तेवढं सांभाळून घे. भाचीला दुसऱ्या खोलीत पाठव आणि एकटी उघडून बघ. नाही उघडली तर फोन करून शिव्या घाल, मी पुन्हा कागद घेऊन बसेन. उघडली तर ये. घडी एका हाताने घालता येते का, ते मला माहीत नाही, ते तुलाच शोधावं लागेल. नाही जमली तर खिडकीत बसून आमच्यावर ओरड. पण ती नवी खिडकी तुझ्याशिवाय मी उघडणार नाही. ही, तवेवाला, जागेचा मालक, सगळे हात धुऊन मागे लागलेत. लागू देत.

आणि अक्षराचं कारण. हे पत्र मी डाव्या हाताने लिहिलंय. बऱ्याच दुपारी गेल्या आणि कागद त्याहून जास्त गेले. ओळी वर चढतात, काना भलतीकडेच जातो. उत्तर तू स्वतः लिही, भाचीकडून लिहून घेऊ नकोस. तुझंही असंच वाकडं येईल. येऊ दे, मला वाचता येतं.

नव्या खिडकीची किल्ली खिशात घेऊन बसलेला,
तुझा ढग्या