चिंचोक्याएवढी अफू

वसमत, मार्गशीर्ष, शके १८६३

प्रिय सरले,

प्रथम तक्रार. काल तुझ्या नातवाच्या उष्टावणाला हट्ट्यास आलो आणि तुमच्या गाईनं माझं अर्धं उपरणं चघळलं. शास्त्रानं तिला माता ठरवल्यामुळं शाप देता येईना. तुझे यजमान मात्र खुशाल हसत होते. त्यांना शाप द्यायला शास्त्राची हरकत नाही, पण खीर उत्तम होती म्हणून सोडून दिलं.

पंगतीत तू विचारलंस, नाना, पाठशाळेत एवढं घोकून शेवटी कळमनुरीला अफूबाज पोरंच सांभाळायची होती का? तेव्हा तोंडात घास होता, आता सांगतो. हे पत्र घेऊन आलेला, गाडी धरून दारात उभा असलेला नेमसिंग बघ. डोंगरकड्याजवळच्या तांड्यावरचा. त्याची आई जिवनबाई त्याला हाताला धरून आमच्या वसतिगृहात घेऊन आली, तेव्हा मिसरूड फुटलेला हा गडी उभ्याउभ्या पेंगत होता. रोज चिंचोक्याएवढी अफू लागायची.

आमची रीत साधी. तराजूच्या एका पारड्यात चिंचोका, दुसऱ्यात अफू. चिंचोका रोज सहाणेवर थोडा घासायचा आणि मग तोलायचं. चिंचोका झिजतो तशी अफू कमी होते, शरीराला पत्ता लागत नाही. नेमसिंगला होळीला घरी जायची घाई. त्यानं चोरून चिंचोका अर्ध्यावर आणला. मग ओकाऱ्या, पेटके आणि माझ्या पूर्वजांचा उद्धार. त्या शिव्यांचं मनातल्या मनात संस्कृत करू पाहिलं, देववाणी तोकडी पडली. नवा चिंचोका घेऊन पहिल्यापासून सुरुवात केली. आज तो अफूला शिवत नाही, आणि नव्या पोरांची सहाण स्वतःच्या ताब्यात ठेवतो.

हे लागलं केव्हा, असं मी एकदा जिवनबाईला विचारलं. कापूस वेचायला जाताना तान्ह्या पोराला कणभर अफू चाटवायची. सगळ्याच बाया चाटवायच्या. पुढं दात आले, पोट दुखलं, कण वाढत गेला. "झोपून राह्यलं की लई गुणाचं वाटायचं, मास्तर," ती म्हणाली. "रडत न्हाई त्या लेकराला काहून जागं करावं?"

काल तुमच्याकडेही जो तो म्हणत होता, बाळ फार गुणाचं. दारात ताशा कडाडत होता. तू खिरीचं बोट ओठाला लावलंस, तरी त्यानं डोळे उघडले नाहीत. कौतुक करायच्या निमित्तानं मी पापणी वर करून पाहिली. डोळ्यातली बाहुली टाचणीच्या टोकाएवढी होती, वसतिगृहात नव्यानं आलेल्या पोरांची असते तशी. गुटी मी स्वतः उगाळते, आपल्या आईच्याच कृतीनं, असं तू अभिमानानं सांगितलंस. आईच्या गुटीत काय असायचं ते तुला ठाऊक आहे आणि मलाही.

घरभर पाहुण्यांसमोर, यजमानांसमोर तुला हे विचारवेना, म्हणून इथं येऊन लिहितो आहे. पत्र एकटीच वाच. तू वाईट नाहीस, जिवनबाईही नव्हती. आता गुटी देऊ नकोस आणि घरचा कुठलाही उतारा करू नकोस. बाळाला आणि सूनबाईला घेऊन लगेच गाडीत बस. इथल्या डॉक्टरांशी मी बोललो आहे, ते वाट बघताहेत. गुटीत काय घालतेस ते त्यांना खरं सांग. माझ्यावर रागवायचं ते नंतर रागव. सरले, ते लेकरू काल दिवसभरात एकदाही रडलं नाही. मला त्याचीच धास्ती वाटते.

तुझाच,
नाना