आरपार दिसणारं भिंग

बाबा, मी आता चष्म्याची भिंगं बनवते. काचेची नव्हे, प्लास्टिकची. चितेगावच्या एका कारखान्यात आमची प्रयोगशाळा आहे. तिथं आम्ही पातळ राळेत झिंक ऑक्साइडचे कण मिसळतो. इतके बारीक, की नजरेला दिसत नाहीत. पण डोळे जाळणारे अतिनील किरण ते अडवतात आणि बाकीचा उजेड जाऊ देतात. तुम्ही असता तर एवढंच विचारलं असतं, "मंग त्यातून नीट दिसतं का?" तुमची सगळी अडचण तीच होती.

वाळूजच्या शेडमध्ये तुम्ही वेल्डिंग करायचात. काळी काच डोळ्यांपुढं धरली की जोड कुठं येतो ते दिसत नाही, म्हणून टाका मारताना ती बाजूला ठेवायचात. मी नऊ वर्षांची असेन. आईनं डबा देऊन धाडलं होतं आणि मी दारातच तो निळा झोत बघत उभी राहिले. तुमचं लक्ष गेलं. हातातलं काम टाकून आलात आणि सगळ्यांसमोर पाठीत धपाटा घातलात. संध्याकाळी डोळ्यांत वाळू गेल्यासारखं झालं. बजाजनगरच्या खोलीत मी आडवी पडलेय, पापण्यांवर बटाट्याच्या गार चकत्या, आणि तुम्ही उशाशी बसलात. मी म्हटलं, तुम्ही पण तर बघता. तुम्ही म्हणालात, "माझं पोट हाय त्याच्यावर. तुझं नाय." पुढं पन्नाशीच्या आतच तुम्हाला जोड दिसेना, तेव्हा मालकानं गेटवर बसवलं. माझं निकालपत्र तुम्ही मलाच मोठ्यानं वाचायला लावायचात.

आमची भिंगं दीड वर्ष दुधासारखी पांढरी निघत होती. कण एकमेकांना चिकटून त्यांच्या गुठळ्या व्हायच्या. मग कणांवर आधी लेप चढवला, मिसळायची रीत बदलली, आणि गेल्या महिन्यात एक भिंग स्वच्छ निघालं. खिडकीशी धरलं, तर बाहेरचा लिंब पानापानासकट दिसला. तुमच्या झोतासमोर ते पुरणार नाही, तिथं काळीच काच हवी. पण शेजारी पत्रा धरून उभं राहणाऱ्याला उपयोगी पडेल.

हा विषय का घेतला, असं लोक विचारतात. मी तुमचं सांगते. खरं तसं नाही, बाबा. तेव्हा तेवढी एकच जागा रिकामी होती. अर्ज भरताना, मुलाखत देताना तुमची आठवण एकदाही आली नव्हती.