आक्कामावशीचं खरं दुखणं

पुणे, १२ फेब्रुवारी १९८४

आईस प्रभावतीचा जयभीम.

आपरेशन झालं. आता भाकरी जाती, काळजी करू नगं. माझी बारकी तुझ्यापाशी रडती का?

अंडाशयाला गाठ हुती. डाक्टरीणबाईंनी पयल्याच दिवशी इचारलं, "घरात कुणाला असं झालं होतं का?" मी न्हाई म्हणलं. तुझी बहीण, आक्कामावशी, काविळीनं गेली, असं तूच सांगितलेलंस.

काल सोपानमामा भेटाया आला. म्हणला, "आक्काला बी हीच गाठ हुती. तुला ठावं न्हाई व्हय?" पोरींची लग्नं जमायची न्हाईत म्हणून तू समद्यांना गप केलंस म्हणं.

आई, सा महिने माझं पोट फुगत हुतं, दोन घासांत भरत हुतं. तू वात हाय म्हणत ओव्याचं पाणी देत ऱ्हायलीस. तवा तुला मावशी आठवली न्हाई का? डाक्टरीणबाई म्हणल्या, "आधीच का नाही आलात?"

धाकट्या बहिणीला, विशाखाला, मी निराळं पत्र टाकलंय. त्यात समदं लिवलंय, हितं तपासाया बोलावलंय. तिला अडवू नगंस.

बाबांना जयभीम सांग.

तुझी लेक,
प्रभावती