तीन पिनबॉल मशिनी आणि फेब्रुवारीतल्या फायनलबाबत

मी, जागेश्वर तुकाराम सोनकुसरे, वय वर्षे सत्तर, खापरखेडा वीज केंद्रातून निवृत्त झालेला उपकरण तंत्रज्ञ, राहणार गोळीबार चौकामागे, नागपूर, हा लेख माझ्या हाताने लिहून ठेवत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. डॉक्टरांचा तसा दाखला सोबत जोडला आहे. उजवा हात थरथरतो, म्हणून अक्षर कुठे वाकडे गेले तर त्यावरून कोणी बुद्धीबद्दल शंका घेऊ नये. हे लिहिण्यासाठी माझ्यावर कोणी दबाव आणलेला नाही. दबाव आणायला घरात दुसरे कोणी राहतच नाही.

दिवाळीनंतर मी एक मृत्युपत्र लिहिले होते. ते फाडले आहे. यापुढे हेच खरे धरावे.

कलम १. घर. दोन खोल्या, मागची पडवी आणि पुढची मोठी खोली हे सर्व माझ्या वडिलांकडून मला आलेले आहे. पुढच्या खोलीत त्यांचा हातमाग होता. माग गेल्यावर त्याचा खड्डा मी बुजवला आणि त्याच जागी पहिली पिनबॉल मशीन, म्हणजे काचेखाली लोखंडी गोळी उडवत ठेवायच्या खेळाची पेटी, उभी केली. फरशी तिथे अजून थोडी दबते, म्हणून मशीनच्या डाव्या पायाखाली लाकडी चकती आहे. ती काढू नये. घर माझा मुलगा चेतन आणि सून काजल या दोघांच्या नावे समान करावे. ते मिहानजवळ फ्लॅटमध्ये राहतात. इथून अंतर सोळा-सतरा किलोमीटर आहे. घर विकायचे असल्यास विकावे, मी रागावणार नाही.

कलम २. बँकेतली ठेव काजलला द्यावी. चेतनला नाही. याचे कारण राग नव्हे. माझ्या पत्नीच्या, शामलाच्या, आजारपणात चार महिने तिचे केस विंचरायला दुसरे कोणी नव्हते, काजल होती. या मृत्युपत्राची अंमलबजावणीही तिनेच करावी.

कलम ३. शामलाच्या शेवटच्या दिवसाबद्दल एक दुरुस्ती मला इथे नोंदवायची आहे. २०१७ साली ती दवाखान्यात असताना जरीपटक्याच्या एका नाश्त्याच्या दुकानात माझी एक मशीन लावलेली होती. तिचा बॉल अडकला म्हणून दुकानदाराचा फोन आला. मी गेलो. मी परत येण्याआधी शामला गेली होती. चेतन दारातच उभा होता. मी त्याला म्हणालो, "पाचच मिनिटं गेलो होतो बेटा." मी सव्वा तास गेलो होतो. बॉल काढायला पाच मिनिटे लागली. उरलेला वेळ मी बसून खेळलो. दवाखान्यात परत जायचे माझ्या जिवावर आले होते. चेतनने त्या महिन्यातच घर सोडले.

कलम ४. हत्यारे. सोल्डरिंग गन, दोन मल्टिमीटर, रबरी कड्यांचा डबा, गुंडाळलेल्या तांब्याच्या तारा आणि माझ्या हाताने काढलेल्या वायरिंगच्या आकृत्यांच्या सात वह्या खापरखेड्याच्या जितेंद्र निमजे यांना द्याव्यात. वीज केंद्राच्या कॉलनीसमोर त्यांचे चहाचे दुकान आहे. सर्कशीचे चित्र असलेली मशीन दहा वर्षांपासून त्यांच्याकडेच उभी आहे. ती आता त्यांचीच समजावी. शिफ्ट सुटल्यावर कामगार अजूनही तिच्यावर पैज लावून खेळतात. जितेंद्र तिची काच रोज कागदाने पुसतात. एवढे प्रेम मी माणसांवरही कमी पाहिले आहे.

माझा चुलतभाऊ भूपेश याला काही देऊ नये. रॉकेटवाल्या मशीनच्या मागची रंगीत काच मी त्याच्याकडे जपून ठेवायला दिली होती. त्याने ती कोंबड्यांच्या खुराड्याला लावली.

कलम ५. सुशील हेडाऊ. हे लग्नाचे व्हिडिओ काढतात. २०१५ साली आम्ही दोघांनी मिळून नागपूर पिनबॉल मंडळ सुरू केले. माझ्याकडे तीन मशिनी होत्या, त्यांच्याकडे कॅमेरे. दर रविवारी सकाळी माझ्या पुढच्या खोलीत स्पर्धा व्हायची. सुशीलभाऊंनी काचेवर वरून कॅमेरा टांगला आणि खेळ थेट इंटरनेटवर दाखवू लागले. सोबत त्यांचे बोलणे चालायचे: "आता बॉल चालला गा डावीकडं... अरे धर, धर, काहून सोडून राहिला!" कुठल्या कुठल्या देशांतून लोक लिहायचे, की ही कोणती भाषा आहे, कळत काही नाही पण बंद करू नका. पहिल्या रविवारी आम्ही पाचजण होतो. सातव्या वर्षी एकतीस झाले. चपला दारात मावत नसत. शेजारच्या पार्वतीबाई सगळ्यांना पोहे करून घालत आणि पोरांनी आवाज केला की ओरडतही. माझ्या आयुष्यात माणसांनी भरलेली खोली मी तेवढीच पाहिली.

समुद्राचे चित्र असलेली मशीन, माझ्याकडचा कॅमेरा आणि मंडळाच्या चॅनेलचा पासवर्ड (वही क्रमांक तीन, शेवटचे पान) सुशीलभाऊंना द्यावा. ते घेणार नाहीत असे मला वाटते. तरी काजलने एकदा त्यांच्या घरी जाऊन विचारावे. त्यांनी नको म्हटल्यास मशीन जितेंद्रकडे जावी.

कलम ६. आता ज्यासाठी हा लेख लिहिला ते.

पिनबॉलच्या मशीनच्या पोटात एक लंबक टांगलेला असतो आणि त्याच्याभोवती एक कडे असते. खेळणाऱ्याने बॉल वळवायला मशीनला फार जोराने हलवले की लंबक कड्याला टेकतो, बॉल परतवणारे फ्लिपर मरतात आणि तो बॉल हातचा जातो. याला टिल्ट म्हणतात. लंबक आणि कडे यांच्यात किती फट ठेवायची ते मशीन सांभाळणारा ठरवतो. म्हणजे मी.

आमच्या मंडळात सर्वांत चांगली खेळणारी प्रणाली धकाते ही होती. ती एका खासगी दवाखान्यात नर्स आहे. ड्युटी संपवून तशीच यायची, पांढऱ्या बुटांवर. तिची सगळी कला मशीनला हलके ढकलण्यात होती. एकदा मी तिला विचारले, हे कुठे शिकलीस. ती म्हणाली, "काका, पेशंटले कुशीवर वळवतो ना, तसंच. जोर नाही लावायचा. त्याले कळलं पाह्यजे फक्त."

१९ फेब्रुवारी २०२३ रोजी मंडळाची वार्षिक फायनल होती. जिंकणाऱ्याला बेंगळुरूच्या मोठ्या स्पर्धेला पाठवायचे ठरले होते. प्रणालीने आधीच रजा टाकली होती. त्या वर्षी काजलच्या आग्रहाने चेतन आला. सहा वर्षांनी तो या घरात आला आणि आदल्या रविवारच्या फेऱ्या जिंकून फायनलला पोहोचला. कॉलेजात असताना मीच त्याला शिकवले होते. तो मशीनला अजिबात ढकलत नाही, फक्त फ्लिपरवर खेळतो.

मला वाटले, जिंकला तर पुढच्या रविवारी येईल.

त्या सकाळी, कोणी येण्याआधी, मी रॉकेटवाल्या मशीनचे पुढचे दार उघडले, नट सैल केला, लंबक सरकवला आणि टिल्ट घट्ट केली. फट निम्मी राहिली. चेतनला त्याने काही फरक पडणार नव्हता. प्रणालीला पडणार होता. हे मला माहीत होते आणि म्हणूनच केले.

तिचे तीनपैकी दोन बॉल टिल्ट झाले. दुसऱ्या वेळी तिने हात मागे घेतले आणि माझ्याकडे पाहिले.

"काका, आज टिल्टले हात लावला का?"

मी म्हणालो, "शुक्रवारपासून नाही लावला."

सुशीलभाऊ माइक हातात घेऊनच उठले. "जागेश्वरभाऊ, दार उघडून दाखवा ना एकदा. दोन मिनिटाचं काम आहे."

"वीज केंद्रात चौतीस वर्षं रिले लावले मी. तू मले शिकवून राहिला काय?"

"शिकवून नाही राहिलो. पाहू द्या म्हणतो."

"तुले भांडण पाह्यजे. भांडण झालं का लोकं पाह्यतात, म्हणून."

हे सर्व थेट प्रक्षेपणात गेले. सुशीलभाऊंनी माइक खाली ठेवला, स्वतःचे दोन कॅमेरे काढले, वायरी नीट गुंडाळल्या आणि गेले. प्रणालीने चेतनशी हात मिळवला, बॅग उचलली. पोहे न खाता गेली. ट्रॉफी मी चेतनच्या हातात दिली.

अकरा दिवसांनी चेतनचा फोन आला. म्हणाला, "बाबा, मी त्या दिवशी लवकर आलो होतो. खिडकीतून पाहिलं. तुम्ही मशीनचं दार उघडून बसले होते."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"मले वाटलं, तुम्ही सांगसान. ती विचारून राहिली होती तवा तरी. मी शेवटपर्यंत वाट पाहिली."

"मग तू काहून खेळला?" मी विचारले.

"तुम्ही माझ्यासाठी काही केलं, हे कधी पाहिलंच नव्हतं, बाबा," तो म्हणाला आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी फाटकाला पिशवी अडकवलेली होती. आत ट्रॉफी होती. बेंगळुरूला कोणीच गेले नाही. त्यानंतरच्या रविवारी नऊ जण आले, मग चार, मग कोणी नाही. कोणी माझ्याशी भांडले नाही. येणे सोडले, एवढेच.

कलम ७. मशिनी बंद ठेवल्या की खराब होतात, म्हणून मी दर रविवारी घरातल्या दोन्ही चालू करतो. रॉकेटवालीवर चौघांचा खेळ लावतो आणि चारही जणांचे बॉल मीच खेळतो. एक माझा, एक सुशीलभाऊंचा, एक चेतनचा आणि एक प्रणालीचा. चेतनच्या बॉलला मशीन हलवत नाही. प्रणालीच्या बॉलला हलवतो, पण मला ते जमत नाही. टिल्ट मी त्याच आठवड्यात पूर्ववत केली होती, तेव्हा दोष मशीनचा नाही. कॅमेराही लावतो. बहुतेक वेळा बघणाऱ्यांचा आकडा शून्य असतो, कधी एक. तो एक म्हणजे माझाच मोबाइल असेही मला नंतर कळले.

कलम ८. फाडलेल्या मृत्युपत्रात मी रॉकेटवाली मशीन आणि ट्रॉफी प्रणालीच्या नावे केली होती, आणि माझ्यामागे कलम सहा काजलने सर्वांसमोर वाचावे असे लिहिले होते. साक्षीदार म्हणून सही करायला पार्वतीबाईंना बोलावले. त्या वाचल्याशिवाय सही करत नाहीत. वाचून झाल्यावर चष्मा काढून म्हणाल्या, "मेल्यावर काहून, भाऊजी? ती पोरगी काय तुमच्या मरणाची वाट पाहून राहिली आहे?"

मी म्हणालो, माझ्याने तोंडाने होणार नाही.

"मग वाचून दाखवा. कागद तर आहे ना हातात."

मी प्रणालीला फोन केला. ती मागच्या रविवारी आली. पावणेतीन वर्षांनी. बसली नाही. मी उभ्यानेच कलम सहा वाचले. कागद रॉकेटवालीच्या काचेवर ठेवून वाचला. मी लिहिले होते, "टिल्ट थोडी घट्ट केली."

ती म्हणाली, "थोडी?"

मी तो शब्द खोडला आणि ओळ परत वाचली.

तिने वाकून खोडलेला शब्द पाहिला. मग म्हणाली, "काका, मी त्या रात्री घरी जाऊन हात पाहिले माझे. मले वाटलं, माझ्याच हातातलं गेलं. नंतर मशीनले हातच नाही लावला. कुठंच नाही."

मी तिला सांगितले की ही मशीन आणि ट्रॉफी मी तुझ्या नावे केली आहे.

"नको मले."

"मग काय देऊ?"

तिने कागद हातात घेऊन शेवटचे पान पाहिले. साक्षीदाराची दुसरी जागा रिकामी होती. "इथं मी सही केली तर चालते का?"

मी सांगितले की वकिलांनी बजावले आहे, ज्याला काही मिळायचे आहे त्याने साक्षीदार होऊ नये; उद्या कोणी शंका घेईल.

"मग माझं नाव काढा त्यातून," ती म्हणाली. "मले घ्यायचं नाही. सही करायची आहे."

म्हणून हे दुसरे मृत्युपत्र. यात प्रणाली धकाते हिला मी काहीही देत नाही. रॉकेटवाली मशीन चेतनला द्यावी. ठेवायची की मोडीत घालायची ते त्याने ठरवावे. ट्रॉफी कोणालाही देऊ नये, ती वितळवावी. कलम सहा माझ्या मरणाची वाट न पाहता मी आजच चॅनेलवर वाचणार आहे. कोणी पाहणार नाही, हे गृहीत धरले आहे.

कलम ९. माझे अंत्यसंस्कार साधे करावेत. चेतनला कळवावे. यायलाच हवे असा निरोप देऊ नये.

वरील सर्व मी लिहिले, वाचले आणि दोन्ही साक्षीदारांना मोठ्याने वाचून दाखवले. त्यांच्या डोळ्यांदेखत खाली सही करत आहे.

ठिकाण: नागपूर
दिनांक: ७ डिसेंबर २०२५

(सही) जागेश्वर तुकाराम सोनकुसरे

साक्षीदार १
(सही) पार्वतीबाई महादेव पराते, शेजारी
यांनी माझ्यासमोर सही केली. हात थरथरत होता, पण कोणी धरला नव्हता.

साक्षीदार २
(सही) प्रणाली धकाते, नर्स
यांनी माझ्यासमोर सही केली. कलम सहामधल्या दिवशीही मी हजर होते. लिहिले आहे तसेच घडले.