संत्र्याच्या पेटीचं सोंग

पांढुर्णा, ९ फेब्रुवारी १९८६, रविवार

ही वही कोणी उघडली असंल तर त्यानं समजून जावं, मी त्याले ओळखून आहे. पानात पांढरा धागा ठेवत जाईन. धागा हलला की मले कळते.

आजपासून मोठं काम सुरू. विहारातल्या महिला मंडळानं संत्र्याचं शरबत केलं. वत्सला अध्यक्ष. वत्सला म्हणजे माही बायको. शरबत चांगलं आहे, मी पेलो. भोपाळच्या एका कँटीनवाल्यानं निरोप देला की नमुन्याच्या डझनभर बाटल्या पाठवा, धड पोचल्या तर दर महिन्याले माल घेतो. मंडळात शकुंतला नावाची बाई आहे. नवरा वारला. मंडीत दिवसभर वाकून संत्र्याच्या पेट्या भरते, पाठ कामातून गेली तिची. वत्सला म्हणे, हे जमलं तर शकुंतलाचं मंडीत जाणं सुटते.

वत्सलाचा प्लॅन काय, तर बाटल्या जुन्या लुगड्यात गुंडाळाच्या, दोघीनं मांडीवर घ्याच्या आणि रेल्वेनं भोपाळ. मी म्हणलं, हे अडाणी काम झालं. काच, त्यात पातळ पदार्थ, याले सायंटिफिक पेटी पायजे. मी नगरपालिकेत पाणीपट्टीच्या टेबलावर आहे. पातळ पदार्थाचा अनुभव या घरात मलेच आहे. पेटी मी डिझाइन करतो.

तिनं मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, समजलं नाही.

११ फेब्रुवारी

ऑफिसात ड्रॉइंग केलं. बारा खण, मधात फळ्या, खाली तणसाची गादी. साहेब मागून आले तेव्हा वर पाणीपट्टीचा कागद ठेवला. साहेब लय वेळ पाहत उभे होते. त्याइच्या साळ्याचा फर्निचरचा धंदा आहे. ध्यानात ठेवाचं.

संध्याकाळी आंगणात माप घेऊन राहिलो तर रघुनाथराव फाटकापाशी थांबले. संत्र्याचे मोठे व्यापारी, समोरच राहतात. म्हणे, काय करून राहिले हिरामणजी? मी म्हणलं, काही नाही. म्हणे, शरबताचं काही असंल तर सांगा, माहे ट्रक जातातच. पाहा. शरबताचं याले कोणी सांगतलं? आणि मदत काऊन करून राहिला? फुकट कोणी विचारत नाही.

शेजारची देवकाबाई छपरावर मिरच्या वाळू घालते. तिथून आमचं आंगण पूर्ण दिसते. मिरच्या गेल्या वर्षी यावेळी नव्हत्या, असं मले वाटते. वत्सला म्हणे, होत्या.

१४ फेब्रुवारी

कवडू मिस्त्रीले काम देलं. पेट्या ठोकण्यात त्याचं आयुष्य गेलं, पण जिभेवर ताबा नाही. म्हणून दोन खबरदाऱ्या घेतल्या.

एक, पेटीत काय जाणार ते सांगतलं नाही. त्यानं खोदून खोदून विचारलं. म्हणे, वस्तू समजली तर त्या हिशोबानं करतो. मी म्हणलं, पुस्तकं आहेत. तो म्हणे, पुस्तकाले बारा खोल्या काऊन? मी म्हणलं, वेगवेगळ्या विषयाची आहेत.

दोन, खरं माप देलं नाही. प्रत्येक माप दोन बोटं वाढवून सांगतलं. कोणाले कागद विकला तरी डिझाइन हाती लागणार नाही. ठोकताना मी स्वतः समोर उभा राहून माप कमी करीन.

१८ फेब्रुवारी

ऑफिसातून सुटलो तोवर कवडूनं पेटी पूर्ण करून आणून देली. काऊन एवढी घाई? खण दोन बोटं मोठे झाले. बाटली आत टाकली की भवऱ्यासारखी फिरते. त्याले म्हणलं, हे काय माप आहे? तो म्हणे, तुम्ही देलं तेच. असं सरळ तोंडावर बोलला. कोणीतरी शिकवून ठेवलं आहे त्याले.

हरकत नाही. तणस कोंबून भागवता येते. डिझाइन लवचिक आहे.

२० फेब्रुवारी

टेस्ट. बाटलीत पाणी भरून पेटी ओट्यावरून सोडली. बाटली फुटली. कारण शोधलं, आंगणातली जमीन लय कडक आहे. रस्त्यात अशी जमीन येणार नाही, ट्रकले फळ्या असतात.

दुसरी टेस्ट गादीवर घेतली. पेटी सावकाश ठेवली. पास.

वत्सला दारात उभी राहून पाहत होती. म्हणे, बाटल्या मोजक्या आहेत, फोडू नका. मी म्हणलं, टेस्टशिवाय सायन्स नसते. मग तिनं दुधाचं भांडं उचललं आणि घरात गेली.

२३ फेब्रुवारी, रविवार

रोड टेस्ट. चार बाटल्या भरून पेटी सौसरले नेली. तिथं माहा साळा प्रकाश नोकरीले आहे. बस खचाखच होती. कंडक्टर म्हणे, पेटी वर टाका. मी म्हणलं, हात लावू नको. टपावर कोण काय उघडून पाहीन, काही सांगता येत नाही. पूर्ण रस्ता मांडीवर धरून बसलो. पाय बधिर झाले. सौसरच्या स्टँडवर प्रकाशनं हात धरून उतरवलं.

पण चारही बाटल्या शाबूत! डिझाइन सिद्ध झालं.

प्रकाश हसून म्हणे, भाऊजी, यात पेटी पास झाली की तुमची मांडी? शिकलेल्या माणसाले दुसऱ्याचं डोकं पाहवत नाही. जेवताना त्यानं वत्सलाच्या तब्येतीची चौकशी केली, पेटीबद्दल एक शब्द नाही. यातच सगळं आलं.

२७ फेब्रुवारी

घरात वाद. वत्सला म्हणे, पेटीवर लाल रंगानं काच लिहा, वरची बाजू कोणती तो बाण काढा. शकुंतलाही तेच म्हणे. मी दोघीले समजावलं की काच लिहिणं म्हणजे चोराले आमंत्रण. आणि पेटीची बनावट एकदा मंडीतल्या लोकाइच्या ध्यानात आली की गेलं. उद्या रघुनाथराव अशाच शंभर पेट्या ठोकतील आणि मी पाहत बसीन.

शकुंतला म्हणे, भाऊ, हमालाले कळलं नाही तर तो कसा धरीन? मी म्हणलं, ते माह्यावर सोड. तिनं सोडलं. तिचा माह्यावर विश्वास आहे.

मग वत्सला म्हणे, राहू द्या पेटी, आम्ही मांडीवर नेतो. पुन्हा तेच!

२ मार्च

सुचलं. साधं आहे, पण डोकं लागते.

या गावातून रोज ट्रकच्या ट्रक संत्र्याच्या पेट्या जातात. कोणी ढुंकून पाहत नाही. मग आमची पेटी संत्र्याची काऊन नसावी? बाजूच्या फळ्या काढून तिथं पट्ट्या मारल्या, मधात फटी ठेवल्या. फटीतून तणस बाहेर ओढलं. जिथून आत दिसते तिथं खरी संत्री बसवली. झाकणाले मंडीच्या पेटीसारखं थोडं पोट काढलं. आंगणात ठेवून फाटकाबाहेरून पाह्यली. मीच फसलो.

देवकाबाई छपरावरून म्हणे, संत्री कुठं पाठवून राहिले? म्हणजे सोंग पास!

वत्सलाले दाखवली. ती पेटीकडं पाहत राहिली, मग माह्याकडं. म्हणे, बारा बाटल्याइच्या मागं सगळ्या बायाइचा महिना गेला आहे. मी म्हणलं, म्हणूनच.

५ मार्च

पेटी रवाना. रघुनाथरावचा ट्रक नाही घेतला. गुणवंताचा घेतला, तो सावरगावचा, सरळ माणूस आहे. त्यालेही खरं सांगतलं नाही. सरळ माणसालेच लोक बोलतं करतात.

गुणवंतानं पेटी उचलली आणि थांबला. कानापाशी नेली. म्हणे, हिरामणजी, संत्री खळखळून राहिली. मी म्हणलं, रसाळ आहेत. तो म्हणे, इतकी? मी म्हणलं, भोपाळच्या पाहुण्याले पाठवून राहिलो, निवडून घेतली. त्यानं पुन्हा एकदा हलवून पाह्यली आणि हमालाकडं देली.

शकुंतला मंडीच्या फाटकापाशी उभी होती. ट्रक वळेपर्यंत उभी होती. तिनं ठेकेदाराले सांगून टाकलं की सोमवारपासून येत नाही.

८ मार्च, शनिवार

भोपाळचा निरोप नाही. वत्सलानं दोनदा विचारलं. पोचल्या असतील म्हणलं.

पेटी नंबर दोनचं ड्रॉइंग सुरू केलं. आता ऑर्डर मोठी येणार.

९ मार्च, रविवार, दुपारी

गुणवंता घरी आला. बरं झालं वत्सला विहारात होती.

म्हणे, माफ करा हिरामणजी, तुमची पेटी सडकी निघाली. मुलताईच्या पुढं गाडी थांबवली तर खालून रस गळून राहिला. सडकी पेटी गाडीत ठेवली की आजूबाजूच्या पेट्या नासवते. म्हणून काढून दरीत फेकली. तुमचंच नाव खराब झालं असतं, म्हणे, भोपाळले असा माल गेला असता तर.

मी विचारलं, लावली कशी होती. तो म्हणे, कुशीवर. संत्र्याची पेटी कुशीवरच लावतात ना, पोट दबू नये म्हणून. वर पाच थर होते.

हे मले माहीत आहे. पांढुर्ण्यातल्या शेंबड्या पोराले माहीत आहे.

फेकली तेव्हा लय मोठा आवाज झाला, म्हणे. त्याले नवल वाटलं. संत्र्याचा असा आवाज येत नाही.

चहा पाजून पाठवला.

त्याच दिवशी, संध्याकाळी

शांत डोक्यानं विचार केला. डिझाइनमधी दोष नाही. उलट सोंग इतकं पक्कं होतं की संत्र्याचा ट्रकवालाही फसला. मग गळती कशी झाली? बुचं ढिली होती. बुचं मंडळाच्या बायाइनं लावली. किंवा हमाल रघुनाथरावचा असंल. चौकशी कराची.

वत्सलाले सध्या सांगत नाही. पोस्ट उशिरा येते म्हणलं.

१३ मार्च

वत्सलाले समजलं. गुणवंतानं मंडीत सांगतलं, मंडीतून शकुंतलाले, तिच्याकडून हिले. म्हणूनच मी म्हणत होतो, लोकाइच्या जिभेवर ताबा नाही.

भांडली नाही. चार दिवस काऊन नाही सांगतलं, एवढंच विचारलं. मी बुचाचं सांगाले लागलो तर ती ताट वाढून उठून गेली. भांडली असती तर बरं झालं असतं.

१४ मार्च

सकाळी ओट्यावर चहा घेऊन बसलो होतो. शकुंतला डोक्याले फडकं बांधून मंडीकडं गेली. ठेकेदारानं पुन्हा ठेवून घेतलं, पण आता उन्हाच्या बाजूले बसवते म्हणतात. मले पाहून जयभीम भाऊ म्हणली, रोजच्यासारखं. मले लय वाईट वाटलं.

पेटी नंबर दोन आता करावीच लागते. तिच्यासाठी.

२४ मार्च, सोमवार

संशयास्पद गोष्टी.

वत्सला म्हणे, शकुंतलाले घेऊन दोन दिवस सौसरले प्रकाशकडं जाऊन येते. दोन दिवसासाठी दोन मोठी गाठोडी. मी उचलू लागलो तर दोघी एकदम म्हणल्या, राहू द्या. शकुंतलानं गाठोडं लेकरासारखं उराशी धरलं होतं.

रघुनाथरावनं दोघीले आपल्या जीपमधी बसवलं. जीप स्टेशनकडं वळली. सौसरले तर बसनं जातात, रेल्वे इथून जातच नाही. देवकाबाई छपरावरून हात हलवून राहिली होती. कवडू पानठेल्यावर उभा होता, माह्याकडं पाहून हसला.

घरातली जुनी लुगडी दिसत नाहीत. एकही नाही.

नक्की काहीतरी शिजून राहिलं. माह्या मते रघुनाथराव पेटीच्या डिझाइनच्या मागं आहे आणि वत्सलाच्या भोळेपणाचा फायदा घेऊन राहिला. ड्रॉइंग पिठाच्या डब्यात लपवलं.

२६ मार्च

आल्या. गाठोडी रिकामी. वत्सला गाणं म्हणत भाकरी थापून राहिली. सौसरले काय झालं विचारलं तर म्हणे, सगळं चांगलं झालं. ड्रॉइंगले पीठ लागलं होतं. तिनं झटकून मले परत देलं, उघडूनही पाह्यलं नाही.

७ एप्रिल

पेटी नंबर दोन तयार, स्वतः ठोकली. बाटल्या मागाले गेलो तर वत्सला म्हणे, सध्या शिल्लक नाहीत. ठोकताना हातोडी लागून माहा अंगठा काळा पडला आहे.

१४ एप्रिल, सोमवार

धागा जागेवर आहे. दोन महिन्यांत एकदाही हलला नाही.

आज जयंती. मिरवणुकीतल्या लोकाइसाठी मंडळानं विहारापुढं शरबत ठेवलं होतं. शकुंतला गिलास भरून देत होती, नव्या लुगड्यात. मी म्हणलं, आज मंडीले सुट्टी का? ती म्हणे, भाऊ, मंडी सोडून पंधरा दिवस झाले. मग जीभ चावली आणि वत्सलाकडं पाह्यलं.

देवकाबाईले बाजूले घेऊन विचारलं. तिनं सगळं सांगतलं. त्या दिवशी दोघी सौसरले नाही, भोपाळले गेल्या होत्या. मंडळानं नव्यानं भरलेल्या बारा बाटल्या लुगड्यात गुंडाळून, मांडीवर. एकही फुटली नाही. कँटीनवाल्यानं दर महिन्याचं काम देलं. आता रघुनाथरावच्या ट्रकात, ड्रायव्हरच्या शेजारी, लाल रंगानं काच लिहून माल जाते. पेट्या कवडू करते.

म्हणजे रघुनाथरावले माहीत होतं. कवडूले, प्रकाशले, पूर्ण गल्लीले माहीत होतं. गुणवंताले पण. दोन महिने मी एवढ्या लोकाइवर नजर ठेवून होतो, आणि हे लोक एकाच माणसापासून लपवून राहिले होते.

मी म्हणलं, मले काऊन नाही सांगतलं?

देवकाबाई मग म्हणे, वत्सला म्हणत होती, त्याइले सांगतलं तर ते पुन्हा पेटी करतील.

शकुंतलानं गिलास भरून हातात देला. पेलो. चांगलं झालं आहे.